समुद्राच्या पोटातील हिवाळा

श्रावणातल्या एखाद्या दुपारी पेडणे महालातील केरीच्या किंवा हरमलच्या खडकांवर उभे राहून समुद्राकडे पाहिले, तर दृष्टीस पडते ते गढूळ, खवळलेले पाणी. काठाशी पाय बुडविले तर ते कोमटच लागते. पाऊस कितीही कोसळो, गोव्याचा समुद्र वरवर कधी गार होत नाही. परंतु याच वेळी, किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत, त्याच पाण्याखाली एक निराळा ऋतू चाललेला असतो. पृष्ठभागावर सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सियस दाखविणारा तापमापक दोराने तळाकडे सोडला, तर तो बावीस-तेवीस अंशांच्या आसपास उतरतो. भर उन्हातून घराच्या तळघरात शिरल्यासारखाच हा फरक आहे. किनाऱ्यावर पावसाळा आणि समुद्राच्या पोटात हिवाळा, असा हा प्रकार दरवर्षी जूनच्या सुमारास सुरू होतो आणि ऑक्टोबर उलटेपर्यंत टिकतो. तो डोळ्यांनी पाहावयास मात्र सहसा कोणी जात नाही.

आपल्या वाचकांपैकी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील कितीतरी घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत. मंगेशी-शांतादुर्गेचे दर्शन होते, डिचोली महालात नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जाऊन शिवछत्रपतींनी १६६८ साली केलेल्या जीर्णोद्धाराची आठवण होते, मुलांचा हट्ट म्हणून एक संध्याकाळ मोरजी किंवा मांद्र्याच्या वाळूत जाते, आणि परतल्यावर आपण म्हणतो, समुद्र पाहिला. वस्तुतः आपण पाहिलेली असते ती समुद्राची नुसती कातडी.

कातडीखाली पाहण्याची सोय माणसाला फार उशिरा लाभली. फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी १९४३ साली पाठीवरच्या नळकांड्यातील दाबाखालची हवा मागणीनुसार तोंडात सोडणारे श्वसनयंत्र सिद्ध केले. तोवर पाणबुड्याला बहुधा नावेतून येणाऱ्या हवेच्या नळीला बांधलेले राहावे लागे. ती नाळ तुटली आणि माणूस पाण्याखाली माशासारखा आडवा तरंगू लागला. आता तर स्कॉटलंड, नॉर्वे, कॅलिफोर्निया अशा थंड किनाऱ्यांवरही हौशी माणसे जाड रबरी पोशाख चढवून दहा-बारा अंशांच्या पाण्यात उतरतात. पोशाख जाड असावा लागतो, कारण पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. एवढा त्रास कशासाठी, असे आपणांस वाटेल. तर त्या थंड पाण्यात केल्प नावाच्या समुद्रशैवालाची उंच अरण्ये उभी असतात. त्यांच्या छायेत खेकडे, शेवंडी, तारामासे आणि समुद्रफुले दाटीने नांदतात. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो हे त्याचे एक कारण. दहा अंशांच्या समुद्रजलात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. आपल्याकडील अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात जेमतेम सहा.

तेव्हा थंड पाणी म्हणजे भरभराट, असा समज त्या देशांत रूढ झाला तर नवल नाही. गोव्याच्या समुद्राखालचा हिवाळा मात्र याच्या नेमका उलट आहे, आणि तीच या लेखाची मुख्य गोष्ट आहे. पण त्याआधी, जेव्हा पाहता येते तेव्हा येथे काय दिसते, ते सांगितले पाहिजे.

गोव्यात बुडी मारण्याचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत असतो. पाणबुड्यांची नेहमीची जागा म्हणजे मुरगाव बंदराच्या तोंडाबाहेरचे ग्रँड बेट. लक्षद्वीप-अंदमानची स्फटिकासारखी निळाई येथे मिळेल अशी अपेक्षा करू नये. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या जवळच समुद्रास मिळतात. त्यांचा गाळ, आणि प्लवकांनी हिरवट झालेले पाणी, यामुळे चार-पाच मीटरांपलीकडचे काही दिसले तर तो दिवस चांगला समजावा. प्रस्तुत लेखकाला एका जानेवारीत असा दिवस लाभला. नावेच्या नांगराचा दोर धरून खाली जाताना प्रथम लाल रंग नाहीसा झाला. हातावरच्या लाल धाग्याचा रंग काळसर दिसू लागला, कारण पाणी प्रकाशातील लाल छटा सर्वांत आधी शोषून घेते. मग कान दुखू लागले आणि नाक दाबून फुंकर घालण्याची शिकवण उपयोगी पडली. दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरांवर घेतलेल्या प्रत्येक श्वासाला नळकांड्यातली दुप्पट हवा खर्च होते. म्हणून तेथे घाई करणारा माणूस लवकर वर येतो, आणि स्वस्थ राहणारा जास्त पाहतो.

पहिली काही मिनिटे काहीच दिसले नाही असे वाटते. दगड, त्यांवर साचलेली करडी धूळ, एवढेच. नंतर दगडांपैकीच एक हलतो, आणि तो गोबरा असल्याचे कळते. अंगावर ठिपके, जाड ओठ, आणि पाहुण्याकडे तिरका डोळा लावून बसण्याची तऱ्हा. गोबऱ्याच्या अनेक जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो; बाजारात येणारे मोठे गोबरे सगळे उचलले गेले की मागे उरलेल्या माद्यांना नर कोठून मिळणार, हा प्रश्न ताटावर बसणाऱ्याला सुचत नाही, तेथे तो आपोआप सुचतो. कपारीतून एक वाम तोंड उघडे टाकून पाहत होता. त्याला लोक रागीट म्हणतात; बिचारा फक्त श्वास घेत असतो, तोंडातून पाणी आत ओढून कल्ल्यांवरून सोडण्याची ती त्याची रीत. पिसारा पसरलेला सिंहमासा अगदी सावकाश चालला होता, कारण विषारी काटे असणाऱ्याला पळण्याची गरज नसते. वरच्या अंगाला तांबोशींचा एक थवा प्रकाशात येई आणि जाई. खडकाच्या उतारावर पोवळ्यांच्या काही वसाहती होत्या: काही दगडी घुमटासारख्या, काही पालथ्या फुलदाणीसारख्या पसरट. पोवळे म्हटल्यावर अंगठीतला लाल खडा आठवतो; ही पोवळी मात्र तपकिरी, पिवळट, हिरवी. त्यांचा रंग त्यांचा स्वतःचा नसतो. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना रंगही देतात आणि अन्नही.

गढूळपणामुळे येथील संशोधकांचे कामही अवघड होते. तरीही दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी मुरगावजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधून काढले; त्यांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी सापडली. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा सगळा व्यापार काही मीटर पाण्याखाली पडून होता, आणि वरून नावा जात होत्या.

पेडण्याच्या किनाऱ्यावर अशी बुडी मारणे फारसे सोयीचे नाही. उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा, आणि मधे वाळूचा लांब पट्टा, अशी ही रचना. तळ बहुतेक वाळूचा आणि चिखलाचा. या वाळूत दिसण्यापेक्षा लपणारेच जीव जास्त: मुडदुशा, लेपे, वागळी, तिसऱ्या, खेकडे. केरी आणि हरमलच्या खडकांवर शिणाण्या चिकटलेल्या असतात. त्या काढण्यासाठी श्वास रोखून खडकाच्या कडेला बुडी मारणारी गोव्यातील माणसे हीच खरे तर या किनाऱ्यावरची पहिली पाणबुडी. त्यांच्या हातांत लोखंडी पट्टी, कमरेला पिशवी, आणि छातीत मिनिटभराची हवा. समुद्राचे तापमान, भरतीची ओढ, पाण्याचा रंग बदलला की काय समजावे, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळते. कोणाला स्वच्छ पाण्यात बुडी मारावयाचीच असेल, तर त्याने तेरेखोल ओलांडून मालवणास जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्राचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला असून किल्ल्याच्या तटाखालीच पोवळी आहेत. त्याहून पुढे, विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेस, कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरविणारा आंग्रे बँक हा बुडालेला पठारवजा उंचवटा आहे. त्याचा माथाच वीस मीटर पाण्याखाली. पण तेथे कुटुंबासह जाता येईल अशी ती सहल नव्हे.

आता पुन्हा पावसाळ्याकडे येऊ.

नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते. सरकलेल्या पाण्याची जागा घेण्यासाठी खोल समुद्रातले गार पाणी उथळ तळावरून किनाऱ्याकडे चढत येते. जगात इतरत्रही असे होते. पेरूच्या किनाऱ्यावरची प्रसिद्ध मासेमारी याच उसळीवर जगते. मात्र पेरूला जे नाही ते गोव्याला आहे, आणि ते म्हणजे आपला पाऊस. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस या चिंचोळ्या प्रदेशावर पडतो. सह्याद्रीच्या उतारावरून तो साखळीच्या वाळवंटीत येतो, डिचोली नदीत येतो, तेथून मांडवीत उतरतो आणि समुद्रावर पसरतो. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड. त्यामुळे हा गोडसर, कोमट थर समुद्रावर झाकणासारखा बसतो. त्याची जाडी अवघी पाच-दहा मीटर. विठ्ठलापूरच्या देवळामागून वाहत गेलेले पाणी काही दिवसांनी कांदोळीसमोरच्या समुद्रावर झाकण होऊन बसते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. डिचोलीला समुद्रकिनारा नाही म्हणून तिचा समुद्राशी संबंध नाही, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

या झाकणामुळे खालच्या गार पाण्याला हवा मिळत नाही. आणि ते पाणी येतानाच रिकाम्या हाताने आलेले असते. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटर खोलीपर्यंत प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प असलेला एक प्रचंड थर आहे, जगातील अशा थरांपैकी सर्वांत जाड थरांपैकी एक. या भागातल्या पाण्याने बऱ्याच काळात पृष्ठभाग पाहिलेला नसतो. वरून पडणारे मृत जीव कुजविण्यात त्यातला प्राणवायू खर्च झालेला असतो. असे शिळे पाणी किनाऱ्याशी आले की त्यातली क्षारद्रव्ये उजेडात येतात, प्लवकांना उधाण येते, समुद्र हिरवा होतो, बांगडे आणि तारले यांना मेजवानी मिळते. पण न खाल्लेले प्लवक मरून तळाशी जाते, कुजते, आणि उरलासुरला प्राणवायूही संपवते. लिटरमागे दोन मिलिग्रॅमखाली प्राणवायू गेला की बहुतेक मासे तेथून पळ काढतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोरच्या तळाशी तो जवळजवळ शून्यावर येतो. मग नायट्रेटवर जगणारे जीवाणू पुढे सरसावतात, आणि तेही संपले की सडक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्यात तयार होतो.

हे सर्व कळले ते बुडी मारून नव्हे. कार्ल बान्से या शास्त्रज्ञाने १९५९ साली कोचीनसमोरच्या समुद्राविषयी लिहिताना दाखविले की, गार पाणी वर आले की तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांत मासे येईनासे होतात. पुढे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी १९९७ पासून कांदोळीपासून सुमारे दहा किलोमीटर आत, सव्वीस-सत्तावीस मीटर खोल अशा एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाण्याचे नमुने घेण्याचा उपक्रम चालविला. दोन्ही टोकांना झाकण असलेली नळीसारखी बाटली ठराविक खोलीवर नेऊन बंद करावयाची, वर आणताच त्यात रसायने घालून प्राणवायू बांधून ठेवावयाचा, आणि मग मोजावयाचा. ही मोजणी मुळात विंक्लर याने १८८८ साली सांगितलेली. कंटाळवाणे काम, नाव हलत असते, पोट ढवळत असते, आणि बाटलीत एक जरी बुडबुडा शिरला तरी आकडा फुकट जातो. परंतु अशाच आकड्यांवरून सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा हा प्राणवायूचा दुष्काळ पूर्वीपेक्षा तीव्र होत चालला आहे, आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात हवेत जातो. उष्णता कोंडून ठेवण्यात हा वायू कर्बद्विवायूच्या सुमारे पावणेतीनशे पट समर्थ आहे. दुष्काळ तीव्र होण्यास शेतातील खते व शहरांतील सांडपाणी यांतून समुद्रात जाणारे नायट्रोजनही हातभार लावत असावे, असे त्यांचे मत होते.

कोळ्यांना यातले रसायन ठाऊक नव्हते, पण परिणाम ठाऊक होता. तळाचे पाणी गुदमरू लागले की कोळंबी, लेपे, खेकडे किनाऱ्याच्या उथळ, हवेशीर पाण्याकडे सरकतात. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस काठाशी कधी कधी अचानक विपुल मासळी मिळते. रापणकराला ती देवाची कृपा वाटते. ती एका अर्थी निर्वासितांची गर्दी असते. खोल पाण्यात रिकामी फिरणारी ट्रॉलरची जाळी मग याच अरुंद पट्ट्याकडे वळली, तर काय होईल हे सांगावयास नको. गोव्यातील रापणकारांनी १९७०च्या दशकात यांत्रिक नौकांविरुद्ध जो लढा दिला आणि ज्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, त्याकडे आपण पोटापाण्याचे भांडण म्हणून पाहिले. पाण्याखालचा हिशेब माहीत असता, तर त्यांच्या बाजूने बोलण्यास आणखी एक कारण मिळाले असते. आज १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रबंदी असते. पण श्वास कोंडण्याचा सर्वांत कठीण काळ त्यानंतर येतो, आणि तेव्हा नौका पुन्हा समुद्रात असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होडी लोटण्याची जुनी रीत निदान आणखी काही दिवस थांबावयास लावीत असे.

नद्यांबरोबर नुसते पाणीच येत नाही. डिचोलीच्या खाणींतील लोहखनिज बार्जींतून मांडवीमार्गे मुरगावास जात असे, आणि उघड्या टेकड्यांची लाल माती पावसाबरोबर नदीत उतरत असे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, आणि २०२४ साली लिलावानंतर डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. खाणीवर ज्यांची चूल पेटते त्यांना समुद्रातल्या पोवळ्याची गोष्ट सांगणे सोपे नाही, आणि ते सांगणाऱ्याने शहाणपणाचा आव आणू नये. तरी गाळ पोवळ्यावर बसतो, उजेड अडतो, आणि आत राहणारी शैवाले उपाशी राहतात, हे खरेच आहे. वर पाण्याची उष्णता वाढली की पोवळी या शैवालांना बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. जगभर अशी पांढरी साथ पसरल्याचे एप्रिल २०२४ मध्ये चौथ्यांदा जाहीर झाले. म्हणजे गोव्याच्या समुद्रातील जिवाला उन्हाळ्यात वरून उष्णतेचा आणि पावसाळ्यानंतर खालून गुदमरण्याचा, असा दोन्हीकडून ताप आहे. एखाद्याला वाटेल, गार पाणी आले म्हणजे पोवळ्यांना दिलासाच. काही अंशी तसे असेलही. पण दिलासा घ्यावयास श्वास हवा.

या साऱ्यातून एक प्राणी सुटलेला आहे. कासव हवेत श्वास घेते. पाण्यातला प्राणवायू संपला तरी त्याचे अडत नाही. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून पुढे रात्री मोरजी, आश्वे आणि मांद्रे येथील वाळूत येतात, मागच्या पायांनी खड्डा खणतात आणि शंभरेक अंडी घालून पहाटेपूर्वी परततात. गोव्याच्या दक्षिण टोकास आगोंद व गालजीबाग येथेही हेच घडते. यांपैकी मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या चार किनाऱ्यांची कासवांच्या विणीची स्थळे म्हणून २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत नोंद आहे. मोरजीत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात वनखाते आणि गावकरी यांनी मिळून घरट्यांची राखण सुरू केली. त्याआधी अंडी खणून विकली जात. पाण्यातून सुटलेल्या या जिवाला वाळूत मात्र दोन अडचणी आहेत. पिल्ले अंधारात समुद्राच्या चकाकीकडे धावतात. हॉटेलांचे दिवे प्रखर असले तर ती जमिनीकडे वळतात. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाल्यापासून पेडण्यात दिवे कमी होण्याची चिन्हे नाहीत. दुसरी अडचण उष्णतेची. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. ती सुमारे २९-३० अंशांच्या वर राहिली तर माद्याच अधिक निपजतात.

ज्या वाचकांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी डिसेंबरानंतर जावे. कासवासाठी मोरजीत वनखात्याच्या रखवालदारांना विचारावे, विजेरीचा झोत वाळूवर टाकू नये, आणि मुलांना घरट्याच्या कुंपणापासून दूर ठेवावे. बुडी मारावयाची असल्यास हृदयाचा, कानाचा किंवा दम्याचा विकार नाही ना, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. पाण्याखाली श्वास रोखून धरू नये, वर येताना घाई करू नये, आणि माशांना पाव खाऊ घालून त्यांचे फोटो काढून देणाऱ्या नावाड्यास नम्रपणे नको म्हणावे. पोवळ्यावर पाय ठेवू नये, ते दगड नव्हे.

त्या वेळी समुद्राखालचा हिवाळा संपलेला असतो. वारे फिरलेले असतात, किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वळलेला असतो, नद्यांचे झाकण विरलेले असते, आणि वरचे पाणी तळापर्यंत मिसळून तेथे पुन्हा प्राणवायू पोहोचलेला असतो. गोबरे आपापल्या कपारींत परत आलेले असतात. कांदोळीसमोर मात्र नाव जातेच. बाटली खाली सोडली जाते, वर येते, आणि आकडा वहीत उतरविला जातो.